व्याह्यांची खुर्ची

व्याह्यांनी ती खुर्ची आणली तेव्हा आमची नात सव्वा वर्षाची होती. खुर्ची म्हणजे लहान पोरांना गाडीत बसवायची सीट. सून तिला बेबी सीट म्हणते. मी पहिल्या दिवसापासून खुर्चीच म्हणत आलो, आणि तेही जरा वाकड्या तोंडानं.

मी तीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली. सांगलीहून साताऱ्याला, विट्याला, कधी कर्नाटकात आतवर. निवृत्त झालो तेव्हा विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीवर होता. माधवनगरात घर बांधलं, एक छोटी गाडी घेतली आणि आता नातवंडं खेळवायची म्हणून मोकळा झालो. पण मुलाची नोकरी साताऱ्यात. त्यानं फ्लॅट घेतला तोही सासऱ्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. सूनबाईंना परत कामावर जायचं होतं, तेव्हा पोरीला सांभाळायला आईवडील जवळ हवेत, हे मलाही पटलं होतं. पटलं होतं, पण झेपलं नाही.

आमचे व्याही हायस्कुलात गणित शिकवायचे. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, इस्त्रीच्या शर्टातले. माझं त्यांचं कधी वाजलं नाही. नात झाली आणि मला ते डोळ्यांत खुपायला लागले. नातीचा पहिला दात त्यांनी पाहिला. पहिलं पाऊलही त्यांच्याच अंगणात पडलं. त्यांनी मला आनंदानं फोन केला, "पाहुणे, आज पाच पावलं टाकली बरं का." मी म्हणालो, "आमच्यातली पोरं दहाव्या महिन्यातच चालत्यात." हे साफ खोटं होतं. माझा मुलगा दीड वर्षाचा होईपर्यंत ढुंगणावर सरकत होता. फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडं नुसती बघत राहिली.

ती बोलायला लागली तेव्हा त्यांना 'आजो' म्हणायची. मला बरेच दिवस काहीच म्हणत नव्हती. पुढं 'आबा' म्हणायला लागली, तेही सुनेनं बोट दाखवून म्हणवून घेतलं तर.

एकच गोष्ट अशी होती की जी माझ्याकडं होती आणि त्यांच्याकडं नव्हती. ती म्हणजे गाडीवरचा हात. व्याही निवृत्तीनंतर गाडी शिकलेले. स्टेअरिंगला छाती लावून बसायचे आणि रिव्हर्स घेताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. मी मात्र नात सांगलीला आली की तिला मांडीवर घ्यायचो, तिचे हात स्टेअरिंगवर ठेवायचो आणि माधवनगरच्या गल्ल्यांतून गाडी फिरवायचो. ती खदखदून हसायची. शेजारचे लोक दारात येऊन बघायचे. तेवढी पंधरा मिनिटं ती फक्त माझी असायची.

आणि मग ती खुर्ची आली.

एका रविवारी आम्ही साताऱ्याला गेलो होतो. व्याह्यांच्या गाडीत मागच्या सीटवर ती बसवलेली दिसली. करड्या रंगाची, जाडजूड, आणि तोंड मागच्या काचेकडं.

"उलटी बसली की हो ही," मी म्हणालो.

"उलटी नाही. एवढ्या लहान मुलांना तशीच बसवायची असते," व्याही म्हणाले. "डोकं जड असतं, मान कोवळी. जोराचा ब्रेक लागला तर पाठ आणि डोकं सगळं खुर्ची तोलून धरते. पुढं तोंड केलं तर सगळा झटका मानेवर येतो."

त्यांनी हे असं सांगितलं, जसं वर्गात फळ्यासमोर सांगत असतील. मला ब्रेक म्हणजे काय ते समजावत होते. मी हसून सोडून दिलं. पण त्यानंतर जे झालं ते मला हसून सोडता आलं नाही. त्यांनी नातीला उचलून खुर्चीत ठेवलं आणि तिनं आपणहून दोन्ही हात पट्ट्यांत घालायला पुढं केले. रोजची सवय. त्यांनी पट्टा ओढला, खांद्यावर चिमटीत पकडून बघितला, चिमटीत येईना, म्हणजे घट्ट बसला, तेव्हा मान हलवली. नातीनंही तशीच मान हलवली. दोघांचं आपसात काहीतरी ठरलेलं होतं. मी बाहेर उभा राहून काचेतून बघत होतो.

त्या दिवसापासून सुनेनं नियम केला. खुर्चीशिवाय पोर गाडीत बसणार नाही. पुढच्या वेळी ती मंडळी सांगलीला आली, मी किल्ली घेऊन उठलो, तर ती म्हणाली, "आबा, मांडीवर नको ना."

"अगं गल्लीतल्या गल्लीत."

"गल्लीतसुद्धा नको."

तिचा आवाज चढला नव्हता, उलट ती जरा अवघडली होती. पण माझ्या डोक्यात एकच गेलं, की हे त्या गणितवाल्याचं शिकवणं. माझ्याकडं एवढं एकच होतं, तेही त्यानं काढून घेतलं. मी किल्ली खुंटीला अडकवली आणि दिवसभर कुणाशी नीट बोललो नाही.

नात पावणेदोन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात मुलाला आणि सुनेला दोघांनाही कामासाठी चार दिवस पुण्याला जायचं होतं. नेमकं त्याच आठवड्यात विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. नातीला सांगलीला न्यायचं ठरलं. चार दिवस आमच्याकडं, आजोशिवाय. मला एवढा आनंद झाला की विहीणबाईंच्या डोळ्याची चौकशी करायचं मी विसरलो. बायकोनं केली.

आम्ही दोघं गाडी घेऊन साताऱ्याला गेलो. व्याह्यांनी आपल्या गाडीतली खुर्ची काढली आणि माझ्या गाडीत बसवायला लागले. मागच्या सीटवर गुडघा टेकून, सगळा भार देऊन ते गाडीचा बेल्ट खुर्चीतून ओवत होते. मध्येच मान वर करून म्हणाले, "पाहुणे, एकदा बघून घ्या. बक्कल जरा अवघड आहे. दोन्ही टोकं आधी एकात एक बसवायची, मग खाली दाबायची."

"तीस वर्षं गाडी चालवलीय मी," मी म्हणालो, आणि टायरची हवा बघायला गेलो. हवा सकाळीच भरलेली होती.

पट्टे कसे लावायचे ते व्याह्यांनी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. मी कागद न वाचता डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. नातीला त्यांनीच खुर्चीत बसवलं, तिच्या कपाळाला कपाळ लावलं, आणि आम्ही निघालो.

वाटेत बायको तिच्याशेजारी मागं बसली होती. नात रडत नव्हती, पण दर थोड्या वेळानं विचारायची, "आजो कुठं?" बायको सांगायची, आजो घरी. मग थोडा वेळ शांत, आणि परत, "आजो कुठं?" तिचं तोंड मागं, माझं पुढं. आरशात मला फक्त खुर्चीची पाठ दिसत होती. उंब्रज आलं, कराड आलं, मी एवढा गाडी हाकतोय आणि पोरीच्या लेखी मी गाडीत नव्हतोच.

मलकापूरला चहाला थांबलो. नातीला खाली उतरवलं, बिस्किट दिलं, तिनं कोंबड्यांच्या मागं दोन फेऱ्या मारल्या. परत बसवायच्या वेळी तिनं अंग ताठ केलं आणि "आजो, आजो" करून टाहो फोडला. बायको बक्कल लावायला झटत होती. दोन टोकं एकात एक बसेनात. मी जाऊन बघितलं, मलाही जमेना. कप्प्यात कागद होता. दोन पावलांवर होता. तो काढून वाचणं म्हणजे व्याह्यांना विचारल्यासारखं होतं.

मी म्हणालो, "दे हिकडं तिला."

"आवं, नगा. सुनंनं सांगितलंय," बायको म्हणाली. "मी बसती धरून मागं."

"आतल्या रस्त्यानं जाऊ. गर्दी न्हाई. मी काय आज गाडी चालवतोय व्हय?"

हायवे सोडून मी ताकारी, कुंडलचा रस्ता धरला. माझा जुना रूट. कुठं वळण आहे, कुठं खड्डा आहे, डोळे मिटून सांगितलं असतं. मांडीवर नात. दोन मिनिटांत तिचं रडणं थांबलं. हात स्टेअरिंगवर, आणि मधूनच हॉर्नवर. दोन्ही बाजूंना ऊस, तोडणी चालू, हवेत पाचटाचा वास. तिनं मान मागं करून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आबा." कुणी बोट न दाखवता, आपणहून. मी खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, त्या क्षणी मला नातीचं जेवढं सुख झालं तेवढंच व्याह्यांना हरवल्याचं झालं. मनात म्हटलं, बघा म्हणावं मास्तर.

कुंडलच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन पुढं चालला होता. मी मागं सावकाश होतो, सायकल शर्यत लावील एवढ्या वेगात. डावीकडच्या शेतातल्या पाणंदीतून एक मोटरसायकल एकदम रस्त्यावर आली. मागं वैरणीचा एवढा मोठा भारा होता की गाडीवाल्याला आजूबाजूचं काही दिसत नव्हतं. मी ब्रेक मारला. गाडी जागेवर उभी राहिली. त्याच्यात आणि माझ्यात दोन हात अंतर राहिलं. तो माणूस मागं न बघता निघून गेला. ब्रेक अगदी वेळेवर आणि बेताचा लागला होता. गाडीला ओरखडा नाही, मोटरसायकलला धक्का नाही.

पण नात पुढं गेली. माझा डावा हात तिच्या पोटावर होता. तो हात घट्ट आहे अशी माझी खात्री होती. तो धागा असल्यासारखा सुटला. तिचं तोंड स्टेअरिंगवर आपटलं, तो आवाज मी ऐकला. आधी ती रडली नाही. मग रडली, आणि तोंड उघडल्यावर सगळं लाल दिसलं.

बायको मागून उतरून धावत पुढं आली. तिनं पदरानं नातीचं तोंड दाबून धरलं. मी गाडी पुढं दामटली. पलूसला एक बालरोगतज्ज्ञ सापडले. वरचा ओठ आतून फाटला होता, दोन टाके पडले. पुढचा एक दात हलत होता. डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?"

मी म्हणालो, "पायरीवरनं पडली."

त्यांनी माझ्या शर्टाकडं बघितलं. शर्ट पोटापासून मांडीपर्यंत रक्तानं भरला होता. पुन्हा विचारलं नाही त्यांनी. म्हणाले, "दात राहील बहुतेक. नशीब."

बायको माझ्याकडं बघत होती.

सांगलीत आल्यावर सुनेला फोन केला आणि तेच सांगितलं. पायरी, ओठ, दोन टाके, काळजी नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंडळी पुण्याचं काम सोडून आली. वाटेत साताऱ्यात व्याह्यांनाही घेतलं होतं. मला दारातून ते उतरताना दिसले आणि इतक्या सगळ्यातही मनात आलं, ह्यांना कशाला आणलं. नात त्यांना बघून धावली. सुजलेल्या ओठानं "आजो" नीट येईना.

सुनेनं तिला घेतलं, ओठ बघितला, आणि तिचा बांध फुटला. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांकडं बघून ती सासूला म्हणाली, "आई, एवढ्याशा पोरीला पायरीवर एकटं सोडलंत? तुमचं लक्ष कुठं होतं?"

बायको म्हणाली, "चुकलं बाई माझं."

बस, एवढंच म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यासाठी पुष्कळ काही सोसलं असेल, पण ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या घरात, माझ्या खोट्यापायी घडताना मी कधी बघितलं नव्हतं. मी खुर्चीवरनं उठलो.

"तिचं काय चुकलं न्हाई," मी म्हणालो. "पायरीवरनं पडली न्हाई ती. माझ्या मांडीवर होती. गाडीत. ब्रेक मारला मी."

मुलगा म्हणाला, "आबा, खुर्ची होती ना गाडीत?"

"होती."

"मग?"

मग काय, ते मला सांगता आलं नाही. बक्कल लागलं नाही असं सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ज्यांच्यामुळं होतं ते समोर वेताच्या मोड्यावर बसले होते. सून नातीला घेऊन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मला वाटलं होतं व्याही बोलतील. बोलावं असं मला वाटत होतं. त्यांनी चार शब्द लावले असते तर मलाही चार लावता आले असते. पण दुपारी जेवणं झाल्यावर ते हळूच म्हणाले, "चला पाहुणे, गाडीशी जाऊ."

मागचं दार उघडून त्यांनी मला आत वाकायला लावलं. स्वतः काही केलं नाही. नुसतं सांगत गेले, आणि माझ्याकडून करून घेतलं. गुडघा टेका. बेल्ट इथून घाला. पीळ पडू देऊ नका. आता ओढा, आणखी ओढा. बुडाशी धरून हलवा. बोटभरापेक्षा जास्त हलता कामा नये. मग बक्कल. एक टोक, दुसरं टोक, एकात एक, खाली दाबा. खट्ट आवाज आला. तीन वेळा करायला लावलं त्यांनी.

मग म्हणाले, "तुमच्या गाडीला स्टेअरिंगमध्ये एअरबॅग आहे ना?"

"हाय की."

"ती उघडली असती तर..." ते तेवढ्यावर थांबले. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्याच वाक्याला घाबरल्यासारखे ते दाराला धरून उभे होते.

दार न सोडताच म्हणाले, "खरं सांगू का, मला गाडीची भीती वाटते. तुमच्यासारखा हात नाही माझा. तिला घेऊन जायचं म्हटलं की रात्री झोप यायची नाही. म्हणून शोधत बसलो, वाचत बसलो, तेव्हा ही खुर्ची आणली. तुम्हाला हिची तेवढी गरज नाही असं मलाही वाटायचं. म्हणून काल तुम्ही बघितलं नाहीत तर मी धरून ठेवलं नाही तुम्हाला. धरायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, "ब्रेक बरोबर लागला होता."

"असणारच," ते म्हणाले. "गाडी तुम्ही थांबवलीत. तिला थांबवायला कुणाच्याच हातात तेवढी ताकद नसते."

मग जरा हसले. "तुमच्याकडून परत आली की ती स्वयंपाकघरातलं ताट घ्यायची, दोन्ही हातांनी धरायची आणि गाडी गाडी खेळायची. दोन दोन दिवस. मला म्हणायची, तू नाही, आबा."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. का नव्हतं सांगितलं, ते मला कळलं, कारण त्यांच्या जागी मीही सांगितलं नसतं. ऐकून मला बरं वाटलं, आणि आतल्या खोलीत टाके पडलेली पोर झोपलेली असताना आपल्याला बरं वाटतंय याची लाज वाटली.

त्यानंतर सुनेनं आठ महिने नातीला आमच्याकडं एकटं पाठवलं नाही. ती भांडली नाही, फोनवर रोज बोलायची, पण पाठवलं नाही. मी बसनं साताऱ्याला जायचो, दिवसभर नातीशी खेळायचो आणि संध्याकाळी परत. माझ्यासमोर ती व्याह्यांच्या गाडीत बसून बागेत जायची आणि मी तिच्या शेजारी मागच्या सीटवर बसायचो. व्याही छातीला स्टेअरिंग लावून गाडी चालवायचे. पाय उगाच ब्रेक दाबायचा माझा, पण मी बोलायचो नाही.

माझ्या गाडीसाठी मी वेगळी खुर्ची घेतली. घरी तांदळाची पिशवी बसवून पट्टे लावायचा सराव केला. बायको दारातून बघत असायची. एकदा म्हणाली, "पिशवीला थंडी वाजल, टोपडं घाला." किती दिवसांनी ती अशी बोलली होती.

दिवाळीच्या आधी सून आपणहून म्हणाली, "आबा, ह्या वेळी घेऊन जा तिला." साताऱ्यात मी नातीला खुर्चीत बसवलं. पट्टे लावले. सून वाकली, तिनं खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघितला, मग खुर्ची हलवून बघितली. माझा बिल्ला, माझी तीस वर्षं, कशाचाच मी विषय काढला नाही. "सावकाश जावा," ती म्हणाली.

नात आता बोलकी झाली होती. उंब्रज सोडलं आणि तिला आजो आठवला. "मला आजोच्या गाडीत जायचंय. मला आबा नको." मग रडायला लागली, मोठ्यानं, हिरिरीनं. बायकोनं गोष्ट सांगितली, खाऊ पुढं केला. काही उपयोग झाला नाही. माझा हात गिअरवर होता. गाडी बाजूला घेतली असती, तिला पुढं घेतलं असतं, तर दोन मिनिटांत ती हसली असती आणि मला आबा म्हणाली असती. हे मला पक्कं माहीत होतं.

"रडू दे," मी म्हणालो.

अर्धा तास ती आजोच्या नावानं रडली आणि मी गाडी चालवत राहिलो. पेठनाक्याच्या पुढं तिला झोप लागली.

माधवनगरात उतरल्यावर डोळे चोळत तिनं पहिलं हेच विचारलं, "आजोला फोन लाव." मी खिशातून फोन काढला, व्याह्यांना व्हिडिओ कॉल लावून तिच्या हातात दिला, आणि त्यांचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून आत जाऊन पाणी प्यालो.